पळणाऱ्याचा सदरा
(द्वितीय वर्ष, कला)

सुखी माणसाचा सदरा ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. राजाचे दुखणे बरे व्हावे म्हणून सुखी माणसाचा सदरा शोधायला माणसे निघतात आणि शेवटी जो सुखी माणूस सापडतो त्याच्या अंगात सदराच नसतो. मला ज्या सदऱ्याविषयी लिहायचे आहे त्याची गोष्ट उलटी आहे. तो शोधायला कुठे जावे लागत नाही. साताऱ्यात तो मंडईत दिसतो, स्टँडवर दिसतो, खेड्यात दुधाच्या डेअरीवरही दिसतो. अडचण एवढीच की ज्याच्या अंगात तो आहे तो माणूस पळाला होता की नाही, हे सदरा सांगत नाही.

मी म्हणते आहे तो मॅरेथॉनचा टी-शर्ट. महाराष्ट्रात या शर्यतींचा मोसम आता वर्षभर चालतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, आणि आपल्या साताऱ्याची डोंगरावरची अर्धी मॅरेथॉन २०१२ साली. त्यानंतर तर तालुक्यातालुक्यांतून शर्यती निघाल्या. शर्यत म्हटली की नंबराचा कागद आला आणि टी-शर्ट आला. त्या टी-शर्टाचे काही रीतिरिवाज असतात, तो कुणी घालावा, कधी घालावा, कुणी घालू नये याचे अलिखित नियम असतात, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या घरात कपड्याचा नियम एकच होता. ज्याला बसेल त्याने घालावा.

हा दुसरा नियम मला ज्या दिवशी कळला तो दिवस मी विसरलेली नाही. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. मोठा दादा मुंबईला एका सोसायटीत रखवालदार आहे. दिवाळीला तो गावी येताना वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी दिलेल्या कपड्यांचे बोचके घेऊन आला. त्यात एक टी-शर्ट होता, निळा, हलका, घाम आला तरी अंगाला न चिकटणारा. पाठीवर ४२ किलोमीटर असे इंग्रजीत छापलेले होते. मी तेव्हा नुकतीच जिमखान्याच्या क्रॉस कंट्रीसाठी स्टेडियमवर सकाळी पळायला जाऊ लागले होते आणि माझ्याजवळ पळण्यासारखे कपडे नव्हते. मला तो टी-शर्ट म्हणजे घबाडच वाटले. दुसऱ्याच आठवड्यात तो घालून मी मैदानावर गेले.

तिथे रोज सकाळी शहरातली प्रतिष्ठित मंडळी पळायला येतात. डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. त्यांतल्या एका गृहस्थांनी माझ्या पाठीवरचे वाचले आणि अगदी कौतुकाने विचारले, “वा! मुंबई फुल केलीस? किती टायमिंग आले?” मला प्रश्नच समजला नाही. मी म्हणाले, “दादाने आणलाय.” त्यावर आजूबाजूचे तीन-चारजण हसले. वाईट हेतूने हसले असे मी म्हणणार नाही. पण हसणे हसणेच असते. मग एक बाई मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “अगं, जी शर्यत आपण धावलो नाही तिचा शर्ट घालायचा नसतो. कुणी सांगितलं नाही का तुला?”

कोण सांगणार होते? आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. कुठल्या प्लेटमध्ये काट्याने खायचे आणि कुठल्या सदऱ्यात पळायचे, हे सांगणारे घरात कुणी असावे लागते.

त्या दिवशी मला राग आला होता. आज दीड वर्षानंतर विचार करते तेव्हा त्या बाईंचे म्हणणे अर्धे पटते आणि अर्धे पटत नाही. ते का, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आधी पटते त्याविषयी. पळणाऱ्या माणसांचे टी-शर्टाविषयी जे संकेत आहेत ते मी नंतर ऐकून, विचारून गोळा केले. पहिला आणि सर्वांत कडक संकेत तोच, न पळालेल्या शर्यतीचा शर्ट घालू नये. दुसरा असा की शर्यतीचा शर्ट त्याच शर्यतीत घालून पळू नये. शर्ट आदल्या दिवशी नंबराबरोबर हातात पडतो, पण शर्यत अजून व्हायची असते. जे अजून कमावले नाही ते अंगावर का घालावे? याला व्यवहाराची बाजूही आहे. नवे कोरे कापड लांब पल्ल्याला काखेत आणि मांडीला काचते, म्हणून अनुभवी माणूस शर्यतीच्या दिवशी कुठलीच नवी वस्तू वापरत नाही. आपल्याकडे हा संकेत फारसा कुणी पाळत नाही, हेही सांगितले पाहिजे. शर्यतीच्या सकाळी पाहावे तर निम्मी गर्दी त्याच रंगात न्हालेली असते, कारण सगळ्यांना एकसारखा फोटो हवा असतो. तिसरा संकेत, अर्ध्यात सोडलेल्या शर्यतीचा शर्ट घालू नये. याच्यावर मात्र पळणाऱ्यांतही वाद आहेत आणि त्या वादाशी माझा स्वतःचा संबंध आहे. तो पुढे येईल.

अमेरिकेत बोस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे. तिथे बहुतेकांना आधी दुसरीकडे ठरावीक वेळेत पळून पात्र व्हावे लागते. त्या शर्यतीचे एक जाकीट असते, दर वर्षी रंग वेगळा. ते शर्यतीच्या आधीच विकत मिळते, पण जुनी मंडळी ते आणून तसेच ठेवतात आणि शर्यत पुरी झाल्याखेरीज अंगात घालत नाहीत. हे ऐकून मला आमच्या गावचे माळकरी आठवले. तुळशीची माळ पंढरपुरात कुठल्याही दुकानात मिळते. कुणीही विकत घ्यावी. पण ती गळ्यात घातली की वारी आली, एकादशी आली, मांसाहार सुटला. माळ घालून जो वशाट खातो त्याच्याकडे गाव कसे पाहते ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा वस्तू विकत मिळते म्हणून तिचा अधिकारही विकत मिळाला असे होत नाही, ही गोष्ट समजायला मला बोस्टनला जाण्याची गरज नव्हती.

पण या बाबतीतली मला सर्वांत आवडलेली हकिगत पळण्याची नाही, सायकलीची आहे. फ्रान्समध्ये टूर द फ्रान्स नावाची कित्येक दिवस चालणारी सायकल शर्यत होते. एकूण वेळेत जो सर्वांच्या पुढे असेल त्याने पिवळी जर्सी घालायची, अशी तिथे १९१९ पासून पद्धत आहे. १९७१ साली लुईस ओकान्या हा स्पॅनिश खेळाडू पुढे होता आणि बेल्जियमचा जगप्रसिद्ध एडी मर्क्स त्याच्या मागे. डोंगराच्या उतारावर, पावसात ओकान्या पडला आणि शर्यतीबाहेर गेला. नियमाप्रमाणे पिवळी जर्सी मर्क्सकडे आली. दुसऱ्या दिवशी त्याने ती घालायला नकार दिला. नियम त्याच्या बाजूने होता, आकडे त्याच्या बाजूने होते, पण आपण ज्याला मागे टाकले नाही त्याचा सदरा आपल्या अंगात नको, असे त्याला वाटले असले पाहिजे. शर्यत शेवटी त्यानेच जिंकली, ती गोष्ट वेगळी. हा प्रसंग वाचल्यापासून मी संकेतांना नावे ठेवायचे सोडून दिले आहे.

आता न पटणारा अर्धा भाग. मर्क्सने जर्सी नाकारली ती स्वतः होऊन. दुसऱ्याच्या अंगातली त्याने उतरवायला लावली नाही. संकेत हा ज्याचा त्याने स्वतःला लावून घ्यायचा असतो. तो दुसऱ्याला लावायला निघाले की त्याचा पोलीस होतो. आणि संकेत पाळायला माणसाजवळ दुसरा शर्ट असावा लागतो, हे मैदानावरची मंडळी विसरतात. ज्यांच्याकडे दर वर्षी चार शर्यतींचे चार शर्ट जमतात, त्यांच्या घरी ते कपाटात मावेनासे होतात. मग ते रखवालदाराला, कामाच्या बाईला, गाडी धुणाऱ्याला दिले जातात. देणारा चांगल्या भावनेनेच देतो. पण एकदा दिल्यावर त्या कापडावरची ४२ किलोमीटरची पाटी पुसता येत नाही. घेणाऱ्याने काय करावे? उलटा घालावा?

आमच्या गावात बियाण्याच्या कंपनीचे शर्ट आहेत, सिमेंटचे आहेत, निवडणुकीतल्या पक्षांचे आहेत. एका पक्षाचा शर्ट घालून माणूस दुसऱ्याला मत देतो आणि त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही, कारण तिथे कापड हे कापड असते. मी निळा टी-शर्ट घातला तेव्हा मी कुणाची फसवणूक करत नव्हते. विचारल्याबरोबर खरे सांगितले. फसवणूक शर्टाने होत नाही, उत्तराने होते. (हे वाक्य लिहिताना माझा हात जरा अडखळला आहे. का, ते पुढे कळेल.)

आणखी एक विचार मनात येतो. आज शर्टाचा मान सांगणाऱ्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. १९६६ साली बॉबी गिब नावाची तरुणी बोस्टनला पळाली तेव्हा बायकांना त्या शर्यतीत प्रवेशच नव्हता. ती झुडपात लपून बसली, भावाची अर्धी चड्डी आणि वरून टोपीचा जाड स्वेटशर्ट घालून गर्दीत शिरली आणि शर्यत पुरी केली. तिला ना नंबर होता ना शर्ट. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, कॅथरिन स्विट्झर हिने के. व्ही. स्विट्झर अशी नुसती आद्याक्षरे लिहून नाव नोंदवले आणि तिला २६१ नंबर मिळाला. पळता पळता संयोजकांपैकी एकजण तिच्यावर धावून गेला आणि तो नंबर ओरबाडून काढू लागला. त्याच्या दृष्टीने तोही संकेताचे रक्षणच करत होता! ती थांबली नाही. बायकांना तिथे अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली, आणि २०१७ साली, सत्तर वर्षांची झालेली स्विट्झर त्याच नंबराने पुन्हा पळाल्यावर, २६१ हा नंबर तिच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवण्यात आला. जो नंबर ओरबाडायचा होता तोच आता दुसऱ्या कुणाला घालता येत नाही.

भावाच्या कपड्यांवरून मला माझी आठवण झाली. मी गावात पळायला सुरुवात केली तेव्हा धाकट्या भावाची ट्रॅक पँट घालत असे आणि वर ओढणी. ओढणी घेऊन पळून पाहा म्हणजे कळेल. एका वळणावर ती बाभळीला अडकली तेव्हापासून मी ती सोडली आणि त्याची चर्चा गावात आठ दिवस झाली. टी-शर्ट कुठला, हा प्रश्न आमच्याकडे फार पुढचा आहे. मुलीने टी-शर्ट घालून रस्त्याने पळावे का, हाच अजून काही घरांत सुटलेला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ असे लागोपाठ तीनदा मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत त्या पळाल्या. हे उदाहरण घरी सांगता येते म्हणून माझ्यासारख्या कितीतरी मुली आज पळतात. आणि बारामतीच्या लता करे यांची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या त्या बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. कुठला शर्ट कधी घालावा याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

तरीसुद्धा संकेतच नको असे मी म्हणत नाही. आपल्या जिमखान्याचेच पाहा. गेल्या वर्षी क्रॉस कंट्रीचे टी-शर्ट आले तेव्हा पळणाऱ्या आम्हा सहाजणींना पुरले नाहीत आणि ज्यांनी मैदानाची पायरी ओलांडली नाही अशांच्या अंगात मात्र ते गॅदरिंगच्या दिवशी दिसले. तेव्हा मलाही त्या स्टेडियमवरच्या बाईंसारखेच वाटले, हे कबूल करते. फरक असा की निळा शर्ट गरजेने घातलेला होता आणि हे शर्ट मिरवायला घेतलेले होते. माझी सूचना साधी आहे. शर्ट आधी वाटू नयेत, पळून आल्यावर रेषेच्या पलीकडे द्यावेत. पदक तसेच देतात, मग शर्टाला काय झाले? मोठ्या शर्यतींत हजारो माणसांची मापे, गर्दी, हिशेब यांमुळे ते कदाचित जमत नसेल. आपल्या पंचवीस-तीस मुलामुलींत जमायला हरकत नसावी. आणि पाणी देणाऱ्या स्वयंसेवकांना शर्ट आधी द्यावा, कारण त्यांना तो त्या दिवशी कामासाठीच हवा असतो. एन. एस. एस.मधून एकदा मी पाण्याच्या टेबलावर उभी होते. पहाटे चार वाजल्यापासून पेले भरले. तो ‘स्वयंसेवक’ लिहिलेला पिवळा शर्ट मी कुठेही ताठ मानेने घालते.

आता ज्याच्याशी माझा संबंध आहे त्या तिसऱ्या संकेताकडे येते.

गेल्या पावसाळ्यात मी साताऱ्याच्या डोंगरावरच्या शर्यतीत भाग घेतला. प्रवेशाचे पैसे म्हणजे आईच्या आठवड्याच्या मजुरीएवढे. ते आमच्या एका सरांनी भरले, त्यांचे नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. २१ किलोमीटरची ती शर्यत. येवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे आणि तोच घाट उतरायचा. चढ मी चांगला चढले. माणसे चढाला भितात, पण खेड्यातल्या पायांना चढ नवा नाही. घात झाला तो उतारावर. ओल्या रस्त्यावर डावा घोटा मुरगळला. थोडे लंगडत गेले, मग बसले. १५ किलोमीटर झाले होते. ६ राहिले. खाली आले ते रुग्णवाहिकेतून.

शर्ट आदल्या दिवशीच मिळालेला होता. छान केशरी रंगाचा, छातीवर डोंगराचे चित्र. पदक मिळाले नाही.

घरी गेले तेव्हा पाय सुजलेला होता. आण्णांनी हळद-तेल लावले आणि विचारले, “पळालीस ना?” मी म्हणाले, “पळाले.” यात खोटे काही नव्हते. पण खरेही पुरते नव्हते. त्यांना वाटले पळाली म्हणजे पुरी पळाली. मी ती समजूत तशीच राहू दिली. पदकाचे त्यांनी विचारले नाही, कारण पदक असते हेच त्यांना माहीत नव्हते.

शर्ट मी ट्रंकेत तळाला ठेवला. मी तो घालणार नव्हते. पण दोन आठवड्यांनी सुट्टीला घरी गेले तर तो आण्णांच्या अंगात! उसात अर्ध्या बाहीचा सदरा कामाचा नाही, पात हात कापते. म्हणून ते तो सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना घालतात. मी बरोबर गेले. तिथे रांगेतल्या एकाने थट्टा केली, “काय आण्णा, ह्या वयात मॅरेथॉन पळाला का काय?” आण्णा कॅन खाली ठेवत म्हणाले, “म्या कशाला? आमची पोरगी पळाली. येवतेश्वर चढून खाली आली.” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

स्टेडियमवर लोक हसले होते तेव्हा मला इतके वाईट वाटले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. निळ्या शर्टाच्या वेळी मी विचारल्याबरोबर खरे सांगितले होते, म्हणून माझी मान वर होती. इथे मला कुणी विचारलेच नव्हते आणि मी गप्प राहिले होते. मर्क्सची गोष्ट मी वर मोठ्या ऐटीत सांगितली आहे. ती मला त्या रात्रीही पाठ होती.

सकाळी गोठ्यात आण्णा धार काढत होते. शर्ट अंगात होताच. मी म्हणाले, “आण्णा, मी शर्यत पुरी केली न्हाई. पंधरा किलोमीटरला बसले. गाडीतनं खाली आले.”

त्यांनी धार थांबवली नाही. थोड्या वेळाने विचारले, “पंधरा म्हंजी कुठवर?”

मी मनात मोजले. “आपल्या घरापासनं साताऱ्याच्या स्टँडपर्यंत. वर थोडं जास्तच.”

“चालत?”

“पळत. आन् त्यातलं निम्मं चढाचं.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. दूध कॅनमध्ये ओतले, हात पुसले, सायकल काढली. मी म्हणाले, शर्ट बदलायचा असेल तर दुसरा देते. त्यांनी खाली छातीवरच्या डोंगराकडे पाहिले आणि म्हणाले, “कुणी इचारलं तर पंधरा सांगतो.” आणि गेले.

तेव्हापासून ते तसेच सांगतात. डेअरीवर आता सर्वांना ठाऊक आहे की आमच्या घरात पंधरा किलोमीटर झालेले आहेत आणि सहा बाकी आहेत. परवा गेले तेव्हा वजनकाट्यावरच्या मुलाने मला विचारले की यंदा नाव घातले का. घातले आहे. घोटा बरा आहे. शर्ट मापाने घ्यावा लागतो म्हणून नोंदणीच्या अर्जात माप विचारतात. तिथे मी माझे लिहायचे सोडून आण्णांचे लिहिले आहे.